चाळणीताई आणि तीनशे बारा नोंदी

ऑफिसात तिला तोंडावर नुसतं ताई म्हणायचे, आणि पाठ फिरली की चाळणीताई. तिला ते माहीत होतं. एकदा कुणीतरी खरोखरीची पिठाची चाळणी आणून तिच्या टेबलावर ठेवली, तेव्हा तिने ती सरळ पिशवीत टाकली, घरी नेली आणि वापरायला काढली. दुसऱ्या दिवशी सगळ्यांना ऐकवलं, की तुम्हाला हवी तसली चाळणी मला बाजारात कुठे मिळाली नाही बाबा, नुसती कड असलेली आणि मध्ये जाळीच नसलेली. हसणारे हसले, बाकीच्यांनी कानात हेडफोन घातले.

या बाईचं वय तेव्हा शेहेचाळीस होतं आणि प्रोग्राम लिहायला लागून तिला जेमतेम सात वर्षं झाली होती. त्याआधी अकरा वर्षं ती एका हॉस्पिटलच्या रक्त तपासणीच्या लॅबमध्ये होती. रक्ताच्या नळ्या घ्यायच्या, त्यांच्यावर लेबलं चिकटवायची, नंबर कंप्युटरात टाकायचे, नळी यंत्रात ठेवायची. दिवसाला अडीचशे-तीनशे नळ्या. ती नोकरी तिने का सोडली ते पुढे येईल. सोडल्यावर मुलीच्या जुन्या लॅपटॉपवर, ज्याची तीन बटणं निखळलेली होती, ती एकेक ओळ लिहायला शिकली. माहेरचे म्हणाले, या वयात कसलं शिकतेस. सासरच्यांनी नाक मुरडलं. नवरा तेवढा काही बोलला नाही. तो बसगाड्यांच्या डेपोत ब्रेकचं काम करायचा, त्याला शिकणाऱ्या माणसाच्या मध्ये मध्ये करायची सवय नव्हती.

तिची आताची कंपनी हॉस्पिटलांच्या लॅबसाठी सॉफ्टवेअर बनवायची आणि तिच्याकडे एक लायब्ररी सोपवलेली होती. सासूबाईंना कितीतरी दिवस वाटायचं की सून वाचनालयात कामाला आहे. पुस्तकं घरी आणत कशी नाहीस गं, म्हणायच्या. पण ही लायब्ररी म्हणजे आधीच लिहून तयार ठेवलेला प्रोग्रामचा तुकडा. एकाने लिहायचा, सगळ्यांनी वापरायचा. चाळणीताईची लायब्ररी फक्त नंबरांचं काम करायची, आणि ते काम काय ते समजून घ्या, कारण पुढची सगळी भांडणं त्याच्यावरूनच आहेत. घाबरू नका, त्यात गणित नाही.

कंप्युटरच्या लेखी तुमचं नाव, तुमचा फोन नंबर, तुमच्या गाडीचा नंबर आणि तुमच्या रक्ताच्या नळीवरचा नंबर हे सगळं एकच असतं. मजकूर. प्रोग्रामर त्याला स्ट्रिंग म्हणतात. अक्षरं आणि आकडे एकापुढे एक ओवलेले, संपलं. अमक्याचा फोन नंबर आणि तमक्याच्या गाडीचा नंबर सारखा आहे का, असं त्याला विचारलंत, तर हा काय प्रश्न झाला असं तो म्हणत नाही. निमूट एकेक आकडा ताडून बघतो आणि हो किंवा नाही सांगतो. एवढा आज्ञाधारक गडी दुसरा नाही, आणि एवढा बिनडोकही दुसरा नाही.

चाळणीताईच्या लायब्ररीत हे चालायचं नाही. तिने प्रत्येक नंबराची जात वेगळी केली होती. रुग्ण क्रमांक निराळा, नमुना क्रमांक निराळा, आणि नमुना म्हणजे रक्ताची नळी. साध्या मजकुराला नमुना क्रमांक व्हायचं असेल तर एकच दार, आणि दारात तपासणी. सहा आकडे हवेत. पहिले दोन आकडे वर्षातला कितवा आठवडा ते सांगणारे हवेत, आणि रक्त ज्या तारखेला घेतलं तिच्याशी ते जुळायला हवेत. जुळलं तर आत, नाहीतर का नाही ते कारण लिहून परत. भाषाही अशी होती, जिला ते लोक फंक्शनल म्हणतात, की एकदा आत आलेली वस्तू पुन्हा कुणाला हात लावून बदलता यायची नाही. आणि शेवटची गोष्ट, तिच्या सगळ्यात जिवाची. नमुना क्रमांकाची तुलना फक्त नमुना क्रमांकाशीच करता यायची. कुणी रुग्ण क्रमांकाशी करायला गेलं तर तो प्रोग्राम तयारच व्हायचा नाही, तिथल्या तिथे अडायचा.

सगळ्यांना हे जाचायचं. दोन ओळींत होणारं काम पाच ओळींत करावं लागतं, म्हणून पोरं कुरकुरायची. ती म्हणायची, कुरकुरा, पण पाच ओळी लिहा.

मोठा प्रश्न आला तो एका सोमवारी सकाळी. एका मोठ्या हॉस्पिटलची लॅब त्यांचं सॉफ्टवेअर घेणार होती आणि गुरुवारी तिथे जाऊन ते सगळ्यांसमोर चालवून दाखवायचं होतं. त्याच्या आधी त्या लॅबच्या जुन्या प्रोग्राममधल्या चाळीस हजार नोंदी नव्यात आणायच्या होत्या. रविवारी तो सगळा माल लायब्ररीतून गेला आणि सोमवारी कळलं, की तीनशे बारा नोंदी दारातूनच परत आल्या आहेत. नमुना क्रमांक ग्राह्य नाही.

टीमच्या साहेबांना सगळे घाईसाहेब म्हणायचे. माणूस वाईट नव्हता. पण त्यांना प्रत्येक गोष्ट काल हवी असायची. त्यांनी तासाभरात एक फंक्शन, म्हणजे एकच काम करणारा प्रोग्रामचा छोटा तुकडा, लिहून लायब्ररीत टाकायला पाठवलं. कुठलाही मजकूर घ्यायचा आणि काहीही न तपासता त्याला नमुना क्रमांक म्हणून आत घ्यायचं. नाव काय ठेवलं होतं? विश्वास. फक्त या तीनशे बारांसाठी, फक्त या आठवड्यापुरतं, असं खाली लिहिलेलंही होतं.

आता असं, की लायब्ररीत एक ओळ जरी घालायची तरी ती सांभाळणाऱ्याची मंजुरी लागायची. हा नियम खुद्द घाईसाहेबांनीच वर्षापूर्वी काढला होता, वरच्यांना शिस्त दिसावी म्हणून. चाळणीताईने विश्वास वाचला, दोनदा वाचला, आणि खाली उत्तर लिहिलं. मंजूर नाही, आधी ते तीनशे बारा कोण आहेत ते पाहू.

घाईसाहेबांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. आधी गोडीने समजावलं. चाळीस हजारांत तीनशे बारा म्हणजे काय, शेकड्याला एकसुद्धा पडत नाही. मग त्यांचा आवाज चढला. बाकीच्यांना काम पुढे न्यायचं असतं आणि तुम्हाला एकटीला दारात बसून राहायचं असतं, असं म्हणाले. तिने विचारलं, की या आठवड्यापुरतं आणलेलं फंक्शन पुढच्या आठवड्यात काढलं जाईल हे कोण बघणार. ते म्हणाले, मी. तिने त्यांना आठवण करून दिली, की गेल्या वर्षी दोन दिवसांपुरत्या केलेल्या तीन गोष्टी अजून तशाच आहेत आणि त्यातल्या एकीवर तर आता सगळं बिलिंग चालतं. त्यांचा चेहरा पडला. मग म्हणाले, बुधवार संध्याकाळपर्यंत मंजुरी द्या, नाहीतर मला दुसरा विचार करावा लागेल.

हा दुसरा विचार काय ते तिला बरोबर कळलं. या वयाच्या, सात वर्षांच्या अनुभवाच्या बाईला दुसरी कंपनी दारात उभं करत नाही. ती घाबरली, हे काही तिने कुणापासून लपवलं नाही. घरी गेल्यावर नवऱ्याला सगळं सांगितलं. तो जेवता जेवता थांबला. म्हणाला, त्याच्या डेपोतही असं होतं. गाडी कमी आहे, ब्रेक नंतर बघू, आधी सोड म्हणतात.

"मग तू काय करतोस?" तिने विचारलं.

"किल्ली खिशात घालतो आणि चहाला जातो," तो म्हणाला. "ओरडून ओरडून ओरडतील किती?"

तिला हसू आलं. पण तिची किल्ली नुसती खिशात घालून भागणार नव्हतं. दार बंद ठेवणं एक, आणि दाराबाहेर कोण उभं आहे ते बघणं दुसरं. ते तिला बघायचंच होतं, आणि का ते आता सांगतो.

लॅबमधल्या नोकरीच्या अकराव्या वर्षी तिच्या हातून एक चूक झाली होती. नळीबरोबर येणाऱ्या कागदावर दोन नंबर एकाखाली एक छापलेले असायचे, वर नमुना क्रमांक आणि खाली रुग्ण क्रमांक, दोन्ही सहा आकडी. एका नळीला तिने वरच्याऐवजी खालचा टाकला. कंप्युटरने हूं की चूं केलं नाही. आणि करणार तरी कसा, त्याला सहा आकडे मिळाले होते. त्याने तेच सहा आकडे असलेली दुसरी नळी शोधून काढली, कुणा भलत्याच माणसाची, आणि तिचा रिपोर्ट या माणसाच्या नावावर चिकटवला. तो माणूस लाकूडकाम करणारा होता. तीन आठवडे नसलेल्या आजाराच्या काळजीने त्याने अंथरूण धरलं. चूक लक्षात आल्यावर तिथले मुख्य तिला म्हणाले, तोंडातून अक्षर काढू नकोस, नवा कागद देऊन टाक आणि मोकळी हो. तिने तसंच केलं. त्या सुताराने नवा रिपोर्ट वाचला, त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याने तिचे दोन्ही हात हातात घेऊन आभार मानले. ती हसून बरं म्हणाली. त्या दिवशी घरी येऊन तिने दोनदा हात धुतले आणि महिनाभरात नोकरी सोडली. स्वतःची तिला लाज वाटली, आणि त्या कंप्युटरचा राग आला. चूक माझी होती, ती म्हणायची, पण माझ्या एकटीची नव्हती.

तर मंगळवारी तिने दोन दिवसांची रजा टाकली, ती तीनशे बारांची यादी घेतली आणि तडक त्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये गेली. नोंदी त्यांच्याच होत्या, त्यांना दाखवायला कुणाची बंदी असायचं कारण नव्हतं. तिथे तिला रजिस्टरकाका भेटले. त्यांचं खरं नाव लॅबमध्ये कुणाला आठवत नव्हतं. कंप्युटर आल्यावरही या गृहस्थांनी जाड पुठ्ठ्याच्या वह्यांत सगळ्या नळ्या हाताने लिहिणं सोडलं नव्हतं. वरून दोनदा हुकूम आले की वह्या बंद करा. ते हो म्हणाले आणि नवी वही आणली. चाळणीताईने त्यांना यादी दाखवली तेव्हा त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि म्हणाले, बसा, पंखा नाही, पण खिडकी आहे.

दोन दिवस ते दोघं त्या खोलीत बसले. एका भिंतीला लोखंडी कपाट, मधे एक लांब टेबल आणि दोन स्टुलं, त्यातलं एक डुगडुगणारं. ती नोंद वाचायची, ते तारखेवरून वहीचं पान काढायचे आणि बोट ओळीवरून फिरवत आणायचे. सुरुवातीला नुसता कचरा निघाला. रिकाम्या जागा. कुणीतरी यंत्र चालतंय का बघायला टाकलेले एक दोन तीन चार पाच सहा. कधीकाळी चालणाऱ्या आठ आकडी नंबरांचे अवशेष, ज्यांच्यापुढे कुणाचं नावच नव्हतं. मंगळवार संपेपर्यंत पावणेदोनशे झाले होते आणि त्यातला एकही खऱ्या माणसाचा नव्हता. संध्याकाळी बसमध्ये उभी असताना तिला वाटून गेलं, की घाईसाहेब म्हणतात तेच खरं असेल तर आपलं चांगलंच हसं होणार. तिने वाटू दिलं आणि बुधवारी सकाळी पुन्हा गेली.

बुधवारी अकराच्या सुमाराला पहिली खरी नोंद सापडली. एका बाईचं एकतिसाव्या आठवड्यात घेतलेलं रक्त, आणि नळीचा नंबर विसाने सुरू होणारा. असली नळी असूच शकत नव्हती. रजिस्टरकाकांनी वही काढली. तो नंबर नळीचा नव्हताच, त्या बाईचा रुग्ण क्रमांक होता. आणि विसाव्या आठवड्यात नेमक्या त्याच सहा आकड्यांची एक नळी होती, एका तरण्याताठ्या, धडधाकट माणसाची. त्याचा चांगला रिपोर्ट दोन वर्षांपासून त्या बाईच्या नावावर बसला होता. तिची स्वतःची नळी? तीही वहीत होती. यंत्रातून निघालेला तिचा खरा कागद काकांनी पानाला टाचून ठेवला होता. थायरॉइड फार कमी. लाल खूण. तो कागद कधीही कुणाकडेही गेला नव्हता.

रजिस्टरकाकांनी तो कागद पानावरून सोडवून यादीला टाचला. मग म्हणाले, पुढची वाचा. पाच वाजेपर्यंत तीनशे बारांतले दोनशे त्र्याण्णव कचरा म्हणून बाजूला गेले आणि एकोणीस माणसं उरली. चाळणीताईला हेही कळत होतं, की एखादा चुकीचा नंबर योगायोगाने बरोबर आठवड्याचा निघून तिच्या तपासणीतून सुटलाही असेल. तो विचार तिने कागदावर लिहून ठेवला. लपवाछपवी करायची नाही, अगदी स्वतःच्या कामाचीसुद्धा नाही.

तिने तिथूनच घाईसाहेबांना फोन लावला. तिला खरंच वाटलं होतं की हे ऐकल्यावर तरी त्यांना घाम फुटेल. फुटलाही, पण वेगळ्याच कारणासाठी. ते म्हणाले, ही चूक जुन्या प्रोग्रामची, आपली नाही. आपण जसं होतं तसं उचलून आणायचं. उद्या हे काढलंत तर सगळं त्यावरच अडकेल. आधी ताबा देऊ, मग महिन्याभराने हळूच कानावर घालू. तिने विचारलं, महिन्याभराने कोण घालणार. यावेळी त्यांनी मी म्हटलं नाही. म्हणाले, लायब्ररीची जबाबदारी तुमच्याकडून काढून घेतोय, शुक्रवारपासून तुम्ही हेल्पलाइनवर बसा, आणि उद्या तिकडे यायची गरज नाही. तासाभरात विश्वास लायब्ररीत गेला, मंजुरी देणारे स्वतः घाईसाहेब. तीनशे बाराच्या तीनशे बारा नोंदी आत आल्या आणि कंप्युटरने पुन्हा हूं की चूं केलं नाही.

गुरुवारी ती गेली. गरज नाही म्हणाले होते, बंदी आहे असं म्हणाले नव्हते, असं तिने घरी सांगितलं. पण खरं तर बंदी असती तरी ती गेली असती. हॉस्पिटलच्या छोट्या सभागृहात वीसेक माणसं होती. पुढे लॅबच्या प्रमुख डॉक्टरबाई बसल्या होत्या, कमी बोलणाऱ्या, हातातलं पेन सतत उघडझाप करणाऱ्या. चाळणीताई मागच्या रांगेत रजिस्टरकाकांच्या शेजारी जाऊन बसली. घाईसाहेबांनी तिला पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. पडद्यावर आकडे आले. घाईसाहेब म्हणाले, चाळीस हजार नोंदी, एकही गळलेली नाही, एकही चुकलेली नाही.

चाळणीताई उभी राहिली. तिने पुढच्या खुर्चीची पाठ धरली.

"एकोणीस चुकलेल्या आहेत," ती म्हणाली. "मी मोजल्यात. या एकोणीस माणसांच्या नावावर दुसऱ्याच कुणाचे रिपोर्ट आहेत. माझ्या तपासणीने ते दारात अडवले होते, काल संध्याकाळी दार काढून टाकून त्यांना आत घेतलंय. त्यांची नावं इथे आहेत, आणि वह्यांची पानं पण."

सभागृहात कुजबुज सुरू झाली. घाईसाहेब हसून म्हणाले, की ताई फार मन लावून काम करतात, त्यामुळे त्यांच्यावर थोडा ताण आलाय, यावर आपण नंतर बोलू. ती बसली नाही. आयुष्यात एकदा गप्प राहा म्हटल्यावर मी गप्प बसलेय, ती म्हणाली, आता नाही बसणार. डॉक्टरबाईंचं पेन थांबलं होतं. त्यांनी हात पुढे केला. यादी रांगेरांगेतून हातोहात पुढे गेली. डॉक्टरबाईंनी पहिलं पान वाचलं, त्याला टाचलेला लाल खुणेचा कागद वाचला, आणि घाईसाहेबांना एकच प्रश्न विचारला, की हे तुम्हाला काल माहीत होतं का.

घाईसाहेब म्हणाले, जसं होतं तसंच आम्ही आणलंय.

"माहीत असून आणलंत का, तेच विचारतेय," डॉक्टरबाई म्हणाल्या. आणि उठून आपल्या खोलीकडे चालू लागल्या. जाताना दारात वळून चाळणीताईला म्हणाल्या, या तुम्ही.

कॉरिडॉरमध्ये घाईसाहेबांनी तिला गाठलं. दबक्या आवाजात म्हणाले, तुम्ही काय केलंत कळतंय का, उद्या हेल्पलाइनसुद्धा नाही मिळायची. तिला ते कळत होतं. पण तिने त्यांच्याकडे सरळ बघत सांगितलं, की उद्याचं उद्या बघू, मला कामावरून काढायचं तर काढा, पण त्या लायब्ररीत विश्वास राहिला तर पुढच्या हॉस्पिटलातही मी अशीच मागच्या रांगेत येऊन बसेन, तिकीट काढून. आणि ती आत गेली.

डॉक्टरबाईंची खोली लहान होती. टेबल, दोन खुर्च्या, फायलींची चळत आणि एक काळा फोन. त्यांनी यादीतला पहिला नंबर लावला, स्पीकर सुरू केला. तिकडून एका बाईचा आवाज आला, थकलेला, झोपेतून उठवल्यासारखा, आणि बाहेर लख्ख दुपार होती. डॉक्टरबाईंनी स्वतःची ओळख दिली, आज शक्य असेल तर आजच लॅबमध्ये या, तपासणी पुन्हा करायची आहे, असं सांगितलं. का, असं त्या बाईने विचारलं. डॉक्टरबाई शब्द जुळवायला लागल्या. तेवढ्यात चाळणीताई फोनकडे वाकली.

"दोन वर्षांपूर्वी तुम्हाला दिलेला रिपोर्ट तुमचा नव्हता," ती म्हणाली. "दुसऱ्या माणसाचा होता. तुमच्या रक्तात खरोखरच दोष निघाला होता. तो कागद इथेच पडून राहिला, तुमच्यापर्यंत आला नाही. चूक आमच्या कामाची आहे, तुमची नाही."

ती बाई बोलायला लागली, आधी हळू, मग आवाज चढत गेला. दोन वर्षं. दोन वर्षं मी अंथरुणातून उठू शकत नाही आणि सगळे म्हणतात तुला काही झालेलं नाही. रिपोर्ट चांगला आहे म्हणतात. आळशी म्हणतात, नाटकं करते म्हणतात. माझी नोकरी गेली. माझा सख्खा भाऊ मला म्हणाला कामाचा कंटाळा आलाय तुला, आणि मला ते खरं वाटायला लागलं होतं, तुम्हाला कळतंय का, मला स्वतःला खरं वाटायला लागलं होतं. तुम्ही माणसं आहात का कोण आहात? कोण बोलतंय मघापासून? नाव सांगा तुमचं, तुमचं नाव घेऊन बोलायचंय मला.

डॉक्टरबाईंचा हात स्पीकर बंद करायला पुढे आला होता. चाळणीताईने तो हलकेच बाजूला केला, खुर्ची ओढून फोनसमोर बसली आणि आपलं पूर्ण नाव सांगितलं.

"बोला," ती म्हणाली. "जे बोलायचंय ते सगळं बोला. मी ऐकतेय."

ती बाई अकरा मिनिटं बोलली.